शेवटची पाच मिनिटं कोणाच्या भरवशावर? बेकर्स, फड आणि स्ट्राँग

माझी भाची पुण्यात कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळते. मागे एकदा तिचा फोन आला. "मामा, तिघींचे इतके व्हिडिओ बघितले की आता सगळं एकच दिसायला लागलंय. शेवटच्या पाच मिनिटांत सामना हातात कसा घ्यायचा, एवढंच मला शिकायचंय. एकीचं नाव सांग."

तिघी म्हणजे २०२४-२५ च्या हंगामातल्या यूकॉनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या पेज बेकर्स, अझी फड आणि सारा स्ट्राँग. त्या वर्षी या संघानं महिला कॉलेज बास्केटबॉलचं बारावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१६ नंतरचं हे पहिलंच. तिघींपैकी कुणीही एकटीनं सामना फिरवू शकत होती, आणि असं एका संघात क्वचितच जुळून येतं. मी कनेक्टिकटमध्ये राहतो आणि गावच्या लीगमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा एक संघ शिकवतो. भाचीला पडलेला प्रश्न मला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात पडला होता. मुलींना कोणाचा खेळ दाखवायचा, सरावाची आखणी कोणाच्या खेळावर करायची? मी एक निवडलं, मग बदललं, मग पुन्हा बदललं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. उंची, सरासरी, टक्केवारी कुठेही मिळेल, त्यामुळे ते सोडून देतो.

सुरुवात बेकर्सपासूनच करायला हवी, कारण "सामना हातात घेणं" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते. ८ फेब्रुवारी २०२१ ला ती पहिल्या वर्षाला होती. समोर देशात पहिल्या क्रमांकावर असलेलं साउथ कॅरोलायना. यूकॉनचे शेवटचे तेरा गुण तिचे एकटीचे. जादा वेळेतले नऊच्या नऊही तिचेच. निर्णायक थ्री, म्हणजे तीन गुणांचा शॉट, कड्यावर आपटून उंच उडाला आणि वरून सरळ आत पडला. संघ ६३-५९ नं जिंकला, तिचे गुण ३१. पुढे गुडघ्याच्या दोन दुखापती झाल्या, २०२२-२३ चा अख्खा हंगाम बुडाला. तरी २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ओक्लाहोमाविरुद्ध तिनं ४० गुण केले. तिच्या कॉलेजच्या कारकिर्दीतली ती सर्वोच्च गुणसंख्या. पुढच्याच सामन्यात यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध ३१.

तिची खरी ताकद मात्र या आकड्यांत दिसत नाही. ती घाई करत नाही. ड्रिबल करत फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यापर्यंत येते, तिथे एकदम थांबते, अंगावर आलेली बचावपटू आपल्याच वेगात पुढे निघून जाते, आणि हिला शांतपणे उडी मारून नेम धरायला जागा मिळते. हे थांबणं कॉलेजच्या मुलींना शिकवणंही अवघड आहे. बहुतेकींना वेगानं जाता येतं, वेगातून थांबता येत नाही. शिवाय दोघी अंगावर आल्या की तिसरी कुठे मोकळी आहे हे तिला आधीच ठाऊक असतं. तिच्याविषयी एकच तक्रार वर्षानुवर्षं ऐकू यायची, आणि ती खुद्द प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांचीही होती. जिथे स्वतः मारायला हवं तिथे ती पास देते, हीच ती तक्रार. शेवटच्या हंगामात, विशेषतः त्या स्पर्धेत, तिनं ती बरीचशी मिटवली.

अझी फड ही वेगळीच गोष्ट. बेकर्स सामना हळूहळू मुठीत घेते, फड चार मिनिटांत संपवते. १६ फेब्रुवारी २०२५ ला साउथ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर हे सगळ्यांनी पाहिलं. घरी सलग ७१ सामने न हरलेला तो संघ. यूकॉननं त्यांना ८७-५८ असं हरवलं, त्यात फडचे २८. पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध तिनं १९ गुण केले आणि ते सगळे पहिल्या हाफमध्ये. मध्यंतरापर्यंतच सामन्याचा निकाल दिसत होता.

तिचा चेंडू हातातून इतक्या लवकर सुटतो की बचावपटूचा हात वर येईपर्यंत तो अर्ध्या वाटेवर असतो. मी हे टीव्हीवर बघितलं होतं, पण एकदा हार्टफर्डला अगदी खालच्या रांगेत बसून बघितलं तेव्हा कळलं. चेंडू तिच्या हातात येण्याआधीच तिचे पाय रोवलेले असतात, खांदे कड्याकडे वळलेले असतात. चेंडू झेलणं आणि मारणं ही तिच्या बाबतीत एकच हालचाल आहे. आणि अंतिम सामन्यात तिनं अजून एक दाखवलं. थ्रीवर विसंबून न राहता आत घुसून, मधल्या अंतरावरून गुण काढले. २४ गुण, आणि अंतिम चौघांच्या फेरीतली सर्वोत्तम खेळाडू हा मानही तिचाच.

आता स्ट्राँग. त्या वर्षी ती पहिल्याच वर्षाला होती. आई ॲलिसन फीस्टर स्वतः डब्ल्यूएनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेली, वडीलही व्यावसायिक खेळाडू. घरातच बास्केटबॉल. पण तिच्याकडे पाहून ती काही विशेष करतेय असं वाटत नाही. चेहरा कोरा, हातवारे नाहीत. सामना संपल्यावर आकडे बघितले की आपण चमकतो. अंतिम सामन्यात २४ गुण आणि १५ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. यूएससीविरुद्ध २२ आणि १७. त्या स्पर्धेत तिनं एकूण ११४ गुण केले. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही खेळाडूनं त्याआधी एका राष्ट्रीय स्पर्धेत इतके केले नव्हते.

आधी मी बेकर्स निवडली होती, हे सांगायला हवं. निवड सोपी वाटली. आमच्या संघात एक मुलगी होती, हात चांगला, डोकं शांत, चेंडू तिच्याकडून सहसा सुटत नसे. मी सगळ्या मुलींना २०२१ च्या त्या सामन्याची शेवटची मिनिटं दाखवली. म्हटलं, अटीतटीला चेंडू हिच्या हाती द्यायचा आणि तिला जागा मोकळी करून द्यायची.

आणि तिथेच ती गोष्ट सुरू झाली जिनं मला अख्खा हिवाळा छळलं. बाकीच्या चौघी उभ्या राहायला लागल्या.

सुरुवातीला मला कळलंच नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं आली की चौघी आपापल्या जागी खिळायच्या आणि चेंडू असलेल्या मुलीकडे बघत राहायच्या. कुणी कड्याकडे आत कापत जायची नाही, कुणी स्क्रीन लावायची नाही, म्हणजे बचावपटूच्या वाटेत उभी राहून तिला अडवायची नाही. शॉट हुकला तर रिबाउंडला कुणी नाही, कारण सगळ्या तीन गुणांच्या रेषेबाहेर बघ्यासारख्या. प्रतिस्पर्धी संघांच्या हे दोन सामन्यांत लक्षात आलं. त्यांनी तिच्यावर दोघी घातल्या. तिनं पास दिला तरी तो उभ्या मुलीला, आणि उभ्या मुलीकडून पास हिसकावणं सगळ्यात सोपं. एका सामन्यात आम्ही सहा गुणांनी पुढे होतो आणि शेवटच्या चार मिनिटांत एकही बास्केट न करता हरलो. घरी जाताना ती मुलगी गाडीत मागच्या सीटवर माझ्या मुलीशेजारी बसली होती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. तेरा वर्षांच्या मुलीवर मी हे ओझं टाकलं होतं.

यात बेकर्सचा दोष अजिबात नाही. यूकॉनमध्ये तिच्याभोवतीच्या चौघी कधी थांबत नसत. ऑरिएमा १९८५ पासून तिथे प्रशिक्षक आहेत, आणि चेंडू नसलेल्या खेळाडूनं सतत हलत राहणं हा त्यांच्या खेळाचा कणा आहे. बेकर्सची कला त्या कण्यावर उभी आहे. मी वरची कला उचलली, खालचा कणा माझ्याकडे नव्हता. बहुतेक शाळा-कॉलेजांच्या संघांकडे तो नसतो, असं माझं मत. तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, डोळे मिटून बेकर्स निवडा.

मग तीन आठवडे फडचा प्रयोग केला. आमच्याकडे एक बरी नेमबाज होती. स्क्रीनवरून बाहेर येणं, झेलून मारणं, यावर भर दिला. अडचण वेगळी निघाली. नेमबाजाला चेंडू कुणीतरी आणून द्यावा लागतो, आणि तोही अचूक क्षणी. स्क्रीन लावणारी जरा उशिरा पोचली, पास गुडघ्यापाशी आला, की ती संधी गेली. फडला पास देणाऱ्यांत बेकर्स होती, आणि संघात केटलिन चेनसारखी अनुभवी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारी खेळाडू होती. आमच्या संघात तसं कुणी नव्हतं. अटीतटीच्या मिनिटांत, सगळ्यांचे हात थरथरत असताना, तिघींनी मिळून एक अचूक क्षण साधायचा म्हणजे फारच मागणं झालं. फडचा खेळ शिकू नका असं नाही. तिच्या पायांची तयारी प्रत्येक मुलीनं बघावी. पण शेवटच्या पाच मिनिटांचा आधार म्हणून तो मला पुरला नाही.

स्ट्राँगकडे मी नाइलाजानं वळलो, हेही खरंच आहे. वाटलं होतं, तिच्या अंगात बळ आहे, उंची आहे, आपल्या मुलींना काय उपयोग. मग यूएससीविरुद्धचा सामना पुन्हा लावला आणि या वेळी चेंडूकडे न बघता फक्त तिच्याकडे बघितलं. आणि मला जे हवं होतं ते तिथे सापडलं. ती चेंडूची वाट बघत नाही. शॉट कुणीही मारो, चेंडू हवेत असतानाच ती दोन पावलं सरकलेली असते, आणि ती पावलं बहुतेक वेळा बरोबर बाजूला पडलेली असतात. रिबाउंड तिचा. मग तिथूनच परत टाकते, किंवा आत कापत येणाऱ्या मुलीला देते. फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर तिला चेंडू मिळाला की ती आधी कुठे कोण पळतंय ते बघते, आणि म्हणून सगळ्या पळतात. तिच्याभोवती उभं राहून चालत नाही, कारण चेंडू कधीही आपल्याकडे येईल हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणजे सामना हातात घ्यायला चेंडू आधीपासून हातात असावाच लागतो, असं नाही. माझ्यासाठी सगळं इथे ठरलं.

आम्ही शेवटच्या मिनिटांचा नियम बदलला. कुणाच्याही नावानं खेळ लावायचा नाही. शॉट सुटला की दोघींनी आत जायचं, एकीनं मागे थांबायचं. फ्री थ्रो रेषेवर ज्या मुलीला चेंडू मिळेल तिनं आधी कापणारी शोधायची, मगच कडं. गंमत म्हणजे त्या हिवाळ्याच्या शेवटी ज्या मुलीनं आमचे दोन सामने फिरवले ती संघातली उंच मुलगी नव्हती. ती बुटकी होती, पण चेंडू कुठे पडणार हे तिला आधी कळायचं. आणि जिच्यावर मी ओझं टाकलं होतं ती त्या सामन्यांत मोकळेपणानं खेळली. शेवटी तिचे गुणही वाढले.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हव्यात. स्ट्राँगला ज्या मोकळ्या जागा मिळत होत्या, त्यांतल्या कित्येक बेकर्समुळे होत्या. प्रतिस्पर्ध्यांच्या दोन जोडी डोळ्यांना बेकर्सनं बांधून ठेवलेलं असायचं. दुसरी गोष्ट, घड्याळात चार सेकंद आहेत, एका गुणानं मागे आहोत, बाजूच्या रेषेवरून चेंडू आत घ्यायचा आहे, अशा एकाच खेळीबद्दल विचाराल तर मी आजही बेकर्सचं नाव घेईन. एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत डॅलस विंग्स संघानं तिला पहिल्या क्रमांकावर घेतलं, त्यात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. पण चार सेकंद आणि पाच मिनिटं यांत फरक आहे. पाच मिनिटांत दहा-बारा वेळा चेंडू इकडून तिकडे जातो, निम्मे शॉट हुकतात, आणि हुकलेल्या शॉटचं काय होतं यावर बरंच काही ठरतं. भाचीचा प्रश्न पाच मिनिटांचा होता.

तिला म्हटलं, तुमच्या संघात बाकीच्या चौघी शेवटी काय करतात ते आधी बघ. पळत असतील तर बेकर्स. नेमकं पास देणाऱ्या दोघी असतील तर फड. थांबून बघत असतील तर स्ट्राँग. ती जरा थांबली आणि म्हणाली, "थांबून बघतात, मामा."

मग यूएससीविरुद्धचा सामना लाव, म्हटलं. पहिल्या क्वार्टरमध्ये चेंडू बघूच नकोस, फक्त एकवीस नंबरची जर्सी बघ. शॉट सुटला की तिथेच थांबव आणि तिचे पाय कुठल्या दिशेला वळलेत ते वहीत लिही. वीस शॉट झाले की मला फोन कर.