जेरुसलेमचं इस्राएल म्युझियम – अराडचं देऊळ आणि चांदीच्या दोन पट्ट्या

पहिल्यांदा गेले तेव्हा टूरवाल्याने डेड सी स्क्रोल्सचा (मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांचा) पांढरा घुमट दाखवला, फोटो काढा म्हणाला आणि तासाभरात सगळ्यांना बसमध्ये बसवलं. यावेळी इस्राएलमधल्याच डिमोना गावच्या आत्याला सोबत घेऊन अख्खा दिवस काढला आणि थेट पुरातत्त्व विभागात गेलो.

तिथे अराडच्या किल्ल्यातलं देऊळ आहे. नेगेव वाळवंटातला, यहुदा ह्या प्राचीन ज्यू राज्याचा किल्ला, १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनींनी खणला. परमपवित्र स्थान, म्हणजे देवळाचा गाभारा, ही एक छोटीशी खोली, आत उभा दगड, दारात धूप जाळायच्या दोन दगडी वेद्या, एक साधारण ५२ सेंटिमीटर उंच, दुसरी ४०. ह्या खऱ्या आहेत बरं का, अराडला जागेवर आता नकला ठेवल्यात. वेद्यांच्या माथ्यावर काळा थर दिसतो, त्याची तपासणी २०२० मध्ये छापून आली, मोठीवर लोबान निघाला आणि छोटीवर चक्क गांजा, तोही हळूहळू जळावा म्हणून शेणात मिसळलेला!

पण मला आतून हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. देऊळ बंद केलं तेव्हा ह्या वेद्या फोडल्या नाहीत कुणी, आडव्या निजवून वर माती घातली. यहुदाच्या हिज्कीया राजाने जेरुसलेमबाहेरची पूजा बंद केली तेव्हाचं हे असावं असं बरेच अभ्यासक मानतात. आत्या लगेच म्हणाली, "अगं, आपल्या मशिदीत जुना झालेला सेफेर टाकत नाहीत, पुरतात, तसंच की गं हे." (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोक, सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतो; सेफेर म्हणजे तोराची, आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी.) मी तिथून पाय काढूच शकले नाही, पुन्हा मागे जाऊन बघितलं.

मग केतेफ हिन्नोमच्या चांदीच्या पट्ट्या. १९७९ मध्ये पुरातत्त्वज्ञ गाब्रिएल बारकाय यांना जेरुसलेममधल्या ह्या जागी एका थडग्यात गुंडाळलेल्या मिळाल्या, उलगडायलाच काही वर्षं गेली. मोठी उलगडून जेमतेम ९.७ सेंटिमीटर, छोटी ३.९, म्हणजे अंगठ्यापेक्षा लहान. केसासारख्या बारीक रेघांनी त्यावर आशीर्वाद कोरलाय, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो", बायबलमधल्या गणना ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे तोच. डेड सी स्क्रोल्सपेक्षाही साधारण चारशे वर्षं जुना! कुणीतरी ताईत म्हणून अंगावर बाळगला असेल. ती जुनी लिपी आत्याला वाचता येईना, मी सांगितलं काय लिहिलंय ते, तशी तिने काचेसमोरच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तोच आशीर्वाद हिब्रूत, "येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा", म्हणाली, शब्बाथच्या रात्री म्हणते तसंच.

माझ्याकडून पाचपैकी पाच. घाईच्या टूरने जाऊ नका, स्वतःहून जा आणि ह्या दोन जागांना निदान दोन तास द्या. पट्ट्या इतक्या लहान आहेत की चालता चालता सहज मागे राहतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या तिथल्या माणसाला विचारून घ्या कुठे आहेत ते.