नवोदय निकाल सेवा: दोन रकाने भरा, एका ओळीचं उत्तर घ्या

जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची सहावीच्या प्रवेशाची निवड चाचणी एका मुलाला एकदाच देता येते. त्यामुळे तिच्या निकाल सेवेला जुने, सरावलेले ग्राहक नसतातच. दरवर्षी सगळे पालक नवखे, दरवर्षी त्याच चुका. हे परीक्षण शाळेचं नाही आणि प्रश्नपत्रिकेचंही नाही. परीक्षा झाल्यापासून प्रवेश पक्का होईपर्यंत पालकांच्या हाती जी व्यवस्था असते, फक्त तिचं आहे.

आधी वाट किती पाहावी लागते ते. 18 जानेवारी 2025 च्या परीक्षेचा निकाल 25 मार्चला लागला, म्हणजे नऊ आठवड्यांनी. त्याच्या आदल्या वर्षीही मार्च सरता सरता लागला. माहितीपत्रकातून महिन्याचा अंदाज येतो, तारीख मात्र ऐन दिवशीच कळते. त्यामुळे फेब्रुवारीपासून ‘निकाल उद्या’ असे जे मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतात, ते सरसकट दुर्लक्ष करण्यासारखे. डोंगराळ आणि बर्फाळ भागांची परीक्षा वेगळ्या टप्प्यात, उन्हाळ्यात होते. महाराष्ट्राच्या पालकांचा त्या तारखांशी संबंध नाही, तरी त्या टप्प्याच्या बातम्या पाहून दरवर्षी घबराट उडते.

निकाल पाहण्याची पद्धत सोपी आहे. नवोदय विद्यालय समितीच्या वेबसाइटवरच्या दुव्यावर जायचं, रोल नंबर आणि जन्मतारीख भरायची, की झालं. इथवर सेवेला पैकीच्या पैकी. अडतं ते पुढच्या तीन ठिकाणी.

पहिलं, नोंदणी क्रमांक आणि रोल नंबर यांची गल्लत. अर्ज भरल्यावर मिळतो तो नोंदणी क्रमांक. रोल नंबर प्रवेशपत्रावर असतो आणि निकालाला तोच लागतो. ‘माहिती सापडली नाही’ असं आलं की आधी हे तपासा, मुलाला रागावू नका. दुसरं, जन्मतारीख. अर्जात जी टाकली तीच इथे चालते, मग ती दाखल्यापेक्षा वेगळी का असेना. अर्जाची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी जी खिडकी उघडते तिच्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण की शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं. जन्मतारीख त्यात नाही. म्हणून अर्जाची छापील प्रत प्रवेशपत्राच्या मागे टाचून ठेवलेली बरी. तिसरं, मोबाइल नंबर. बरेच अर्ज सायबर कॅफेत भरले जातात आणि घाईत तिथला माणूस स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. निवड झाल्याचा एसएमएस मग त्याच्या फोनवर जातो. अर्जाच्या प्रतीवरचा नंबर आजच पाहून घ्या.

पहिल्या दोन-तीन तासांत पान उघडत नाही, हा सर्व्हरवरच्या गर्दीचा प्रकार आहे. दर मिनिटाला पान ताजं करून उपयोग नाही, रात्री उशिरा किंवा पहाटे ते सहज उघडतं. इंटरनेट नसेल तर जिल्ह्याच्या नवोदय विद्यालयात आणि जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात निकाल पाहायला मिळतो, आणि निवड झालेल्यांना विद्यालयाकडून स्पीड पोस्टाने पत्र येतं. पत्र उशिरा येईल, पण येईल. पत्ता गावचा आणि राहणं दुसरीकडे असेल तर पोस्टमनला सांगून ठेवा.

आता खरी तक्रार. पान उघडल्यावर मिळतं काय, तर निवड झाली की नाही झाली, एवढंच. गुण नाहीत, क्रमांक नाही, थोडक्यात हुकलं की फार मागे राहिलं याचा पत्ता नाही. फेरतपासणीची सोयही नाही. शेजारी काय चाललंय ते पाहा. सैनिक स्कूलच्या सहावीच्या परीक्षेत 125 प्रश्न, 300 गुण असतात. तिथे उत्तरसूची जाहीर होते, स्वतःची ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) पाहता येते, शुल्क भरून आक्षेप घेता येतो आणि शेवटी विषयवार गुण असलेलं पत्रक मिळतं. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत अंतरिम उत्तरसूची, आक्षेप, अंतरिम निकाल, गुणपडताळणी आणि मग अंतिम निकाल अशी पायरीपायरीने वाट आहे. तिला वेळ लागतो, पण मूल कुठे चुकलं ते कळतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला फक्त ‘नाही’ एवढंच हाती देणारी पद्धत कंजूष आहे. संगणकावर अनेकदा पडताळलेला निकाल आहे हे मान्य, पण निकाल बरोबर असणं आणि तो समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या मौनाच्या पोकळीत कटऑफचा, म्हणजे निवडीसाठी किमान किती गुण लागतील याच्या अंदाजांचा, धंदा उभा राहतो. ‘इतके प्रश्न बरोबर असतील तर निवड नक्की’ असे व्हिडिओ निकालाआधी शेकड्यांनी येतात. त्यावर विश्वास का ठेवू नये, ते आकड्यांतच दिसतं. पेपर 80 प्रश्नांचा आणि 100 गुणांचा, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. मानसिक क्षमता 40 प्रश्न, अंकगणित 20, भाषा 20. उणे गुण नाहीत, पण तिन्ही विभागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं. बुद्धिमत्तेत 38 बरोबर आणली आणि गणितात कोसळलं, तर बेरीज कितीही छान दिसली तरी उपयोग नाही. त्यात जागा एका विद्यालयाला जास्तीत जास्त 80. त्यांपैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60, ग्रामीण मुलांच्या. एक तृतीयांश मुलींच्या. ओबीसींना 27 टक्के, म्हणजे 21-22 जागा. अनुसूचित जाती आणि जमातींचा वाटा जिल्ह्याच्या लोकसंख्येवर ठरतो, तो अनुक्रमे 15 आणि साडेसात टक्क्यांच्या खाली जात नाही. दिव्यांगांच्या जागा वेगळ्या. एका खणात दुसरा खण अशी ही रचना आहे. खटावच्या ग्रामीण मुलीचा आणि सातारा शहरातल्या मुलाचा कटऑफ एकच असेल असं सांगणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा त्याला क्लासची फी हवी आहे.

मुलाने ‘मी इतके बरोबर लिहिले’ असं सांगितलं तरी त्याला मर्यादा आहे. पुस्तिकेचे संच वेगवेगळे, त्यामुळे दुसऱ्या संचाची उत्तरसूची लावली की हिशेब बिघडतो. शिवाय कागदावर उत्तर बरोबर असून ओएमआरवर गोल एका ओळीने घसरलेला असू शकतो. खाडाखोड केलेलं किंवा दोन गोल रंगवलेलं उत्तर चुकीचंच धरलं जातं. रोज संध्याकाळी मुलाला समोर बसवून प्रश्न आठवायला लावणं थांबवा. त्यातून काही निष्पन्न होत नाही.

निकालाची वाट पाहण्याच्या या आठवड्यांत करण्यासारखं एकच काम आहे आणि ते निकालाच्या पानावर कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. निवड ही तात्पुरती असते, प्रवेश कागद तपासल्यावरच होतो. यादीत नाव येऊन जागा जाते ती बहुतेक इथे. म्हणून कागद निकालाआधी जमवायचे.

ग्रामीण कोट्यातून अर्ज असेल तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. मधे एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या गावांत इथेच घोटाळा होतो. पालक ‘गाव’ म्हणतात, अधिसूचना शहर म्हणते. शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक) आणि त्यावरची ग्रामीण-शहरी नोंद मुख्याध्यापकांकडून आधीच पाहून घ्या. पाचवी ज्या जिल्ह्याच्या विद्यालयासाठी अर्ज केला त्याच जिल्ह्यात झालेली हवी, हेही विसरायचं नाही.

ओबीसीसाठी केंद्राची यादी आणि केंद्राचा नमुना चालतो. राज्याच्या विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज) प्रवर्गांचे वेगळे रकाने इथे नाहीत. जात केंद्राच्या यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर सर्वसाधारण. राज्याचं एसईबीसी, म्हणजे मराठा समाजासाठीचं, आरक्षण इथे लागू नाही. सेतू केंद्रात ‘दाखला द्या’ एवढंच म्हटलं की राज्याच्या नमुन्यातला हाती पडतो, आणि पडताळणीच्या दिवशी तो परत केला जातो. ‘केंद्रीय नमुना’ हे शब्द उच्चारून मागा. एप्रिलपासून सेतूत दाखल्यांची गर्दी वाढत जाते, तेव्हा हे काम फेब्रुवारीत उरकलेलं बरं.

जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्हींत नावाचं स्पेलिंग आणि तारीख जुळते का, ते ओळीने ठेवून पाहा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, हा नेहमीचा फरक. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, रजिस्टरमधली दुरुस्ती त्याहून किचकट. याशिवाय रहिवासाचा पुरावा, तिन्ही वर्षांचं शिक्षण प्रमाणपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. शेवटची दोन मात्र विद्यालय देईल त्याच नमुन्यावर करून घ्या, आधी साध्या कागदावर केली तर काम दोनदा होतं. शाळा सोडल्याचा दाखला पडताळणी पूर्ण झाल्यावरच काढा. घाईने काढला आणि कागदात खोट निघाली, तर मूल दोन्ही शाळांच्या मधे लटकतं.

पडताळणीच्या वेळी सही करावी लागणारं एक हमीपत्र नीट वाचावं, ते स्थलांतराचं. नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवतात. त्या वेळी नकार दिला तर शाळेतली जागा जाते. हे निवडीच्या आनंदात कुणी वाचत नाही. शुल्काचं मात्र साधं आहे. आठवीपर्यंत राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधीचे महिना 600 रुपये, सरकारी नोकरांच्या मुलांना 1500 पर्यंत. मुली, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तेही माफ. निवड करून देतो म्हणून आधी पैसे मागणारा फोन आला, तर तो फसवणुकीचाच.

गुण द्यायचेच तर निकाल पाहण्याच्या सोयीला पाचपैकी चार, पोस्ट आणि एसएमएसला साडेतीन, माहितीला एक.

नाव पहिल्या यादीत नसेल तरी प्रवेशपत्र फेकू नका. कागद नापास झाले किंवा निवडलेली मुलं आलीच नाहीत की रिकाम्या जागांवर प्रतीक्षा यादीतून पुढची नावं घेतात, आणि त्यांचीही तारीख आधी कळत नाही. अशा वेळी उत्तर लवकर द्यावं लागतं, म्हणून अर्जातला फोन चालू ठेवा आणि अनोळखी नंबर उचला. त्याच बरोबर गावातल्या शाळेत सहावीचा प्रवेशही घेऊन ठेवा. पुढच्या यादीत नाव आलंच, तर तिथून दाखला काढता येतो.