गुडघ्यातून 'पू' काढून देणारा माणूस

काल शेजारच्या काकूंना मंडईबाहेर एका माणसाने विचारलं, "काकू, गुडघा किती वर्षांपासून धरलाय?" त्यांनी घरी येऊन हे सांगितलं आणि मला घाम फुटला. कारण जुलैमध्ये साताऱ्यात बोगद्यापाशी मलाही अगदी असंच विचारलं होतं.

सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी यवतेश्वर घाटात सराव करत होते. आठवड्याला 12 किलोमीटरवरून तीन आठवड्यांत 30 वर गेले. चढताना काही वाटायचं नाही. उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. ऑफिसात तासभर बसून उठलं की तीच कळ, जिना उतरतानाही तीच.

त्या सकाळी मी लंगडत समर्थ मंदिराकडे निघाले होते. स्वच्छ कपड्यातला, पन्नाशीचा एक माणूस थांबला. "ताई, माझ्या आईचं असंच होतं. डॉक्टरांनी वाटी बदला म्हणून सांगितलेलं. एका वैद्यांनी अर्ध्या तासात पू काढला, आता सज्जनगडच्या पायऱ्या चढते." त्याने पैसे मागितले नाहीत, नुसता नंबर दिला. वर म्हणाला, "पू निघाला तरच पैसे, नाहीतर एक रुपया देऊ नका." या वाक्याला मी भुलले. निघालं नाही तर आपलं जातंय काय, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी 'वैद्य' मदतनिसाला घेऊन घरी आले. घरी मी आणि मुलगी दोघीच होतो. एका तुंबडीचे, म्हणजे नळी लावून एकदा ओढण्याचे, अडीच हजार, चार-पाच लागतील, असं ठरलं. हिशोबात घोळ नको म्हणून त्यांनीच गहू मागून घेतले. दर तुंबडीला एक दाणा ताटात टाकायला मुलीला सांगितलं. मग पिशवीतून ब्लेड काढून वाटीभोवती बारीक चिरा दिल्या, वर धातूची निमुळती नळी लावून तोंडाने ओढलं आणि एका भांड्यात थुंकले. पिवळं, दाट, दह्याच्या चोथ्यासारखं काहीतरी. ते बघून मला मळमळलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. एवढी घाण आत होती म्हणूनच दुखत होतं, असं मनाने घेतलं. "मध्येच थांबलं तर हाडात उतरेल," असं म्हणत ते ओढत राहिले. थांबले तेव्हा ताटात 22 दाणे होते. पंचावन्न हजार! आठ हजार रोख दिले, बाकीचे मोबाइलवरून पाठवले.

दोन दिवस पाय हलका वाटला, तो विश्रांतीमुळे. तिसऱ्या दिवशी जिन्यावर तीच कळ. त्यांचा फोन बंद.

चौथ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. चिरा बघून त्यांनी आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग समजावलं. सांध्यात खरंच पू झाला तर गुडघा लाल, गरम होऊन सुजतो, बहुधा ताप येतो, पाय टेकवत नाही. असा रुग्ण घाटात पळत नाही, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. आणि कातडीवरच्या चिरेतून सांध्यातलं काही बाहेर येत नाही. तिथलं पाणी काढायचं तर निर्जंतुक सुई थेट सांध्यात घालावी लागते. म्हणजे ते पिवळं माझ्या गुडघ्यातलं नव्हतंच.

माझं दुखणं साधं होतं. सराव एकदम वाढवला, मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू कमी पडले आणि उतारावर सगळा भार वाटीवर आला. उपायही साधाच निघाला. उतारावरचं पळणं बंद, सपाटीवर दुखणार नाही इतकंच चालणं. सोबत पाय सरळ ठेवून उचलणं आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, हे व्यायाम रोज. तीन आठवड्यांत जिना बिनदुखीचा झाला. यंदाची मॅरेथॉन मात्र सोडली.

डॉक्टरांकडे गेले त्याच संध्याकाळी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली. पण पैसे गेलेलं खातं तोवर रिकामं झालं होतं. कुणाच्या बाबतीत असं घडलंच तर पैसे गेल्या क्षणी त्या नंबरवर फोन करा, लाजेखातर चार दिवस घालवू नका. मी घालवले. घरी येऊन उपचार करणाऱ्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. आयुर्वेदाचा वैद्य असेल तर त्याचीही वेगळी नोंदणी असते. आणि घरात कुणी एकटं असताना अशा माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

ते ब्लेड माझ्या आधी कुणाकुणाला लावलं होतं, कोण जाणे. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही, तिन्हींसाठी रक्त तपासायला दिलं. सध्या सगळं ठीक आहे, पण संसर्ग लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलंय. ती तारीख ऑक्टोबरमध्ये आहे.