ट्रे हातात घेऊन पाहिलेले सिनेमे

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी १४ महिने सीटवर खाणं पोचवायचं काम केलं. नोकरी सोडून आता दोन महिने झाले. त्या जागेबद्दल लोक लिहितात ते पार्किंगचं, पॉपकॉर्नच्या भावाचं आणि खुर्च्यांचं. मला पडद्याबद्दल लिहायचंय, कारण तिथले सगळे पडदे मी रोज पाहिलेत, एका वेळी दीड-दोन मिनिटं.

ऑर्डरींचा मारा दोनदा होतो, सिनेमा सुरू होताना आणि इंटरव्हलला. इंटरव्हलची गर्दी निपटेपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सिनेमाची इंटरव्हलनंतरची दहा मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी पाठ असायची. सुरुवातीला आत शिरताच राष्ट्रगीत लागलं तर ५२ सेकंद त्याच पायरीवर ट्रे धरून स्तब्ध उभं राहायचं. नंतर टॉर्च जमिनीकडे, मान खाली, मागच्यांच्या आड येऊ नये म्हणून कमरेत वाकून चालायचं. कार्डाच्या मशीनला रेंज मिळेपर्यंत जे वीस-तीस सेकंद हाती लागतात, तेवढा माझा सिनेमा.

तेवढ्यात पुष्कळ कळतं, आणि ते आधी गिऱ्हाइकाच्या हातांवरून कळतं. सिनेमा रंगला असेल तर माणूस माझ्याकडे न बघताच हात पुढे करतो, पिन चुकवतो, बिल न वाचता खिशात कोंबतो. सिनेमा रटाळ असेल तर तेच बिल मोबाइलच्या उजेडात ओळीओळीने वाचलं जातं, सॉसची आणखी दोन पाकिटं मागितली जातात. दारातून अंधारातले मोबाइल मोजायची मला सवयच लागली होती. पहिल्या शुक्रवारी दुपारी ज्या सिनेमाला खूप मोबाइल चमकले, तो पुढच्या शुक्रवारी बहुतेक वेळा सकाळच्या एकाच शोपुरता उरलेला असायचा. नटाचं रडणंही पारखता येतं. ओढूनताणून आणलेलं रडणं तिसऱ्या दिवशी नुसता आवाज होऊन जातं. खरं असेल तर दहाव्या दिवशीही पाय अडखळतो.

पण एकदा मी साफ चुकले. मराठी सिनेमा होता, सकाळचा शो, हॉलमध्ये नऊ माणसं. इंटरव्हलनंतर दोन कॉफ्या घेऊन गेले तर पडद्यावर एक आजी सुपात तांदूळ निवडतेय. संवाद नाही, संगीत नाही. आठवडाभरात तोच प्रसंग पाच-सहा वेळा वाट्याला आला आणि मी ठरवून टाकलं की यात काही दम नाही. फक्त एक गोष्ट खटकत होती: त्या हॉलमध्ये एकही मोबाइल पेटत नव्हता.

बुधवारी माझी सुट्टी होती. आईला घेऊन कळव्याहून गेले, दोन तिकिटं काढली. पूर्वार्धात आजोबा रोज स्वतःची एक मूठ तांदूळ त्या सुपात टाकतात. इंटरव्हलच्या आधी ते जातात. मग तो प्रसंग येतो. आजी तांदूळ निवडते, निवडून झाल्यावर थांबते आणि त्यातली एक मूठ परत डब्यात टाकते. ती मूठ मी कधी पाहिलीच नव्हती, तोवर मी दाराबाहेर पोचलेली असायची. आई हळूच म्हणाली, "एका माणसाचा भात कमी झाला गं."

तेवढ्यात पुढच्या रांगेत सँडविच आलं. माझाच सहकारी, नीट वाकून चालणारा मुलगा, तरी आजीचा चेहरा पाच सेकंद त्याच्या पाठीमागे गेला. चौदा महिन्यांत मी किती जणांचे असे चेहरे झाकले असतील, ते तेव्हा लक्षात आलं.

आता तिथल्या पडद्यांचं. एकच सिनेमा दोन ऑडींत, म्हणजे दोन हॉलमध्ये, लागला की मला दोन्हीकडे तोच प्रसंग दिसायचा, म्हणून हे कळलं. एका ऑडीत नायिकेची साडी हळदीच्या रंगाची, शेजारच्या ऑडीत तीच साडी मळक्या मातीसारखी. शेजारी आदल्या शोला ३डी सिनेमा होता आणि त्याचं फिल्टर प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर तसंच राहिलं होतं. साध्या सिनेमात ते राहिलं की उजेड बराच कमी होतो. मी फ्लोअरवरच्या साहेबांना सांगितलं. "प्रेक्षकांपैकी कुणी बोललं का?" एवढंच त्यांनी विचारलं. कुणी बोललं नव्हतं, म्हणून रात्रीच्या शोपर्यंत ते तसंच राहिलं. पूर्ण पैसे मोजून आलेल्या माणसांनी तो अख्खा दिवस अंधूक सिनेमा पाहिला, याचा मला अजून राग येतो.

खुर्च्या चांगल्या आहेत, स्वच्छता चांगली आहे, आवाज मोठ्या ऑडीत उत्तम. बसायचं तर मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मध्ये. चित्र काळपट वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत उठून दारावरच्या मुलाला सांगा. प्रेक्षकाने सांगितलं की हालचाल होते. आणि खाणं सीटवर मागवू नका. दिवे मालवायच्या आधी काउंटरवरून घेऊन बसा, इंटरव्हललाही दोन मिनिटं बाहेर या. आमच्या मुलांना काम कमी पडणार नाही, काउंटरलाही माणसं लागतातच.