आमच्या गावची व्यसनमुक्ती समिती: एका टपरीवाल्याचा अभिप्राय

हर्णै बंदराच्या अलीकडे आमचं गाव. समितीत बचत गटाच्या बायका, हेडमास्तर, आशाताई, पोलीस पाटील आणि मच्छीमार सोसायटीचे दोघे. माझी टपरी शाळेसमोर, त्यामुळे मी त्यांचं गिऱ्हाईक कमी, सावज जास्त. तरी पाचपैकी साडेतीन देतो.

शाळेच्या कुंपणापासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू-सिगारेट विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. माहीत सगळ्यांना असतं, मोजत कोणी नाही. या बायका गवंड्याची टेप घेऊन आल्या. टेप आखूड, म्हणून पुन्हा पुन्हा टाकली, दर वेळी रस्त्यावर खडूची खूण. शेवटची खूण माझ्या बाकड्याच्या बरीच पलीकडे पडली. "भाऊ, माल बदल नायतर टपरी हलव. पोलिसात जायला आमाला लावू नको," काकी म्हणाल्या. माल बदलला. आता सरबत, वेफर्स, रिचार्ज. गल्ला उतरलाय, खोटं कशाला सांगू? गुटख्यावर मात्र राज्यात २०१२ पासून बंदी असून पुड्या गावात मिळतात, आणि त्या येतात कुठून यावर समिती गप्प.

समितीचं खरं काम दिसलं ते आमच्या आळीतल्या एका खलाशाच्या वेळी. रोजचा पिणारा, चिडून एकदम सोडली. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरत होते की कपातला चहा बशीत. घरचे ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून नारळ ठेवायच्या गडबडीत. आशाताई म्हणाल्या, नारळ जरूर ठेवा, पण आधी गाडी काढा. रोज पिणाऱ्याने अशी एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, जिवावरही बेततं. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. त्याला दापोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, रात्री सोबतीला पाळ्या लावल्या. परत आल्यावर कोणी भाषण दिलं नाही, हे मला फार आवडलं.

दारूचं दुकान बंद करायला आडवी बाटली, म्हणजे दुकान ठेवायचं की नाही यावर बायकांचं मतदान, करू म्हणतात. त्यात मतदानाला आलेल्यांतल्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. आमच्या यादीतल्या कितीतरी जणी मुंबईला! गणपती-शिमग्याला येतील त्या मतदानाला येतील का? आधी यादी साफ करा, मग मोर्चे काढा.

सगळ्यात मोठी खोट वेळेची. बैठक संध्याकाळी, नेमकी बंदरावर लिलाव चालू असताना. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप ते खलाशी तेव्हा टोपल्या वाहत असतात, आणि वर्गात बसलेले आम्ही सगळे न पिणारे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हिशेबाचे पैसे हातात, काम नाही. पिणं वाढतं ते तेव्हाच. आणि पाऊस म्हणून समिती त्याच दोन महिन्यांत सुट्टीवर!

ज्यांना गावात तोंड उघडायची लाज वाटते त्यांच्यासाठी १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर एसटी थांब्यावर रंगवलाय. बंदराच्या जेटीवरही रंगवा, रंगाचे पैसे मी देतो.