जेडेप्स: जावा १७ कडे निघालेल्या मुक्तस्रोत लायब्ररीसाठी कामाचे, पण अर्धेच दिसणारे साधन

जावा ८ वर वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेली मुक्तस्रोत लायब्ररी जावा १७ वर नेताना ती नेमकी कुठे अडेल, हे आधीच सांगणारी साधने मोजकी आहेत. त्यांतले सर्वांत हाताशी असलेले जेडेप्स हे कोड कोणत्या क्लास व पॅकेजेसवर अवलंबून आहे ते दाखवणारे साधन असून जावा ८ पासून जेडीके या जावाच्या विकासक-संचाबरोबरच येते, त्यामुळे वेगळे काही डाउनलोड करावे लागत नाही. त्याचा मोठा गुण असा की त्याला सोर्स कोड लागत नाही. ते थेट जार फाइलमधील (म्हणजे लायब्ररीच्या गठ्ठ्यातील) कंपाइल झालेल्या क्लास फाइली वाचते. लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरला याचे मोल अधिक वाटते, कारण पुष्कळदा अडचण स्वतःच्या कोडमध्ये नसून आपण ज्यांच्यावर विसंबतो त्या इतरांच्या जारमध्ये असते, आणि त्यांतील काहींकडे आता कोणी लक्षही देत नसते.

सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने जेडीकेची मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅकेजेसच्या स्वतंत्र गटांत, विभागणी केली आणि बाहेरच्यांसाठी कधीच नसलेली, तरीही सर्रास वापरली जाणारी अंतर्गत पॅकेजेस बंद होऊ लागली. ‘जेडीके-इंटर्नल्स’ हा पर्याय देऊन जेडेप्स चालवले, की कोणता क्लास अशा कोणत्या पॅकेजला हात घालतो याची यादी मिळते आणि तिच्याखाली सुचवलेल्या बदलांचा तक्ता येतो. उदाहरणार्थ, सन.मिस्क.बेस६४एन्कोडर काढून त्याजागी जावा.युटिल.बेस६४ वापरावे असे ते सांगते. हा पर्यायी क्लास जावा ८ मध्येही आहे, म्हणजे जुन्या आवृत्तीवरील वापरकर्त्यांना न दुखावता बदल करता येतो. वापरकर्त्यांवर सक्ती करू न शकणाऱ्या प्रकल्पाला असाच सल्ला हवा असतो. जेडीकेच्या एखाद्या मॉड्यूलमधील पॅकेजचेच नाव जारमध्येही असेल, तर तेही जेडेप्स दाखवते.

मात्र त्याचा अहवाल स्वच्छ आला म्हणून नवी आवृत्ती प्रसिद्ध करणे धोक्याचे ठरेल. जेडेप्स कोड चालवून पाहत नाही, त्यामुळे क्लासचे नाव स्ट्रिंगमध्ये ठेवून रिफ्लेक्शनने, म्हणजे कोड चालू असताना तो क्लास शोधून, केलेला वापर त्याला दिसतच नाही. आणि प्रॉक्सी (मध्यस्थ ऑब्जेक्ट), मॉकिंग (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट) किंवा सिरियलायझेशनच्या (ऑब्जेक्ट साठवण्याजोग्या रूपात बदलण्याच्या) लायब्ररींचे सारे कसब तर तिथेच असते. जावा ९ पासून १५ पर्यंत अशा घुसखोरीवर सहसा केवळ इशारा छापला जात असे. मार्च २०२१ मधील जावा १६ ने ती मुळातच नाकारली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या जावा १७ ने सरसकट मुभा देणारा पर्यायही निकामी केला. आता ‘ॲड-ओपन्स’ या पर्यायाने एकेक पॅकेज उघडून द्यावे लागते. म्हणून जेडेप्सनंतर सगळ्या टेस्ट खुद्द जावा १७ वर चालवण्याला पर्याय नाही, आणि ज्या प्रकल्पाच्या टेस्ट तुटपुंज्या आहेत त्याने आधी त्या लिहाव्यात.

वापरण्याच्या सोयीबाबत मी फारसा समाधानी नाही. मल्टी-रिलीज जार (जावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी वेगळे क्लास असलेली जार) समोर आली आणि कोणती आवृत्ती वाचायची ते सांगितले नसेल, तर हे साधन एरर देऊन थांबते. मॉड्यूल-इन्फो (मॉड्यूलचे नाव, गरजा आणि खुली पॅकेजेस सांगणारी) फाइल तयार करून देण्याची त्याची सोय आकर्षक वाटते खरी, पण एखादी जार सापडली नाही की तीही अडते, आणि तयार झालेल्या मसुद्यात सगळी पॅकेजेस बाहेर खुली केलेली असतात, ज्यांतली निम्मी कदाचित कोणालाच दाखवायची नसतात. लहान लायब्ररीने या फंदात लगेच पडू नये. जारमधल्या मॅनिफेस्ट या माहिती-फाइलमध्ये ‘ऑटोमॅटिक-मॉड्यूल-नेम’ची एक ओळ घालून मॉड्यूलचे नाव निश्चित केले तरी तूर्त पुरते.

लायब्ररी जावा ८ साठी कंपाइल केलेली असली, तरी जेडेप्स मात्र ज्या आवृत्तीकडे जायचे आहे तिच्या जेडीकेमधलेच वापरावे. उदाहरणार्थ, जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांच्यात रूपांतर करणारी सोय) जावा ११ मधून काढून टाकले गेले. जावा ८ च्या जेडेप्सला ते वापरण्यात काहीच वावगे दिसणार नाही, तर १७ मधले त्याच नोंदीपुढे ‘नॉट फाउंड’ असे लिहील. जावा ९ पासून सोबत येणारे जेडेप्रस्कॅनही ‘फॉर-रिमूव्हल’ पर्यायासह चालवावे, म्हणजे पुढे काढून टाकण्यासाठी खूण केलेल्या एपीआयही आताच नजरेस येतील.