फोमचा पंख कापून घ्यायचाय? चिकलठाण्यातली हॉट-वायर सेवा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत गरम तारेने फोम कापून देणारं एक वर्कशॉप आहे. कमी धावेत उडणारं, पंखापुढे स्लॅट (फट सोडून बसवलेली छोटी पट्टी) असलेलं विमानाचं मॉडेल प्रोजेक्टला घेतलं असेल, तर मुख्य पंख इथं बिनधास्त टाका. 250 मिमी कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी) कोअर, म्हणजे आतला फोमचा गाभा, सफाईदार निघतो.

स्लॅटचं मात्र तसं नाही. पंख आणि स्लॅटमधली फट कॉर्डच्या 2 टक्के, म्हणजे 5 मिमी धरली, तर अर्ध्या मिलिमीटरची चूकही 10 टक्क्यांची होते. तार स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त फोम वितळवते. ड्रॉइंगमध्ये ती घट धरली का, हे तुम्हीच विचारायचं, तिथं कुणी आपणहून सांगत नाही. मागची पातळ कड तर नागमोडीच येते, ती 1 मिमी प्लायची लावा. 600 मिमीचा तुकडा एकदम कापला की तार मध्यावर रेंगाळते, पोट आत जातं. 300चे दोन मागा. निमुळत्या पंखात लहान टोकाकडे तार हळू सरकते, तिथं जास्त वितळतं.

जोडायला फेविक्विकसारखा गोंद देत असतील तर नको म्हणा, तो फोम खातो. इपॉक्सीच वापरा.

आणि चाचणी पहाटेच. मे महिन्यात 42 अंशांना इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण 15 टक्के विरळ असते, उडायला 8 टक्के जास्त वेग लागतो.